घराण्याचा आजार लपवू नका

मंडळी, आम्ही डॉक्टर नाही, सरकारी नोकरीतले डिप्लोमावाले. पण हा आजार आमच्या घरात तीन पिढ्या आहे, म्हणून बोलतो. नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस, प्रकार पहिला. साधारण ३,००० जणांत एकाला होतो. १७व्या गुणसूत्रावरचे एक जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालते. ते बिघडले की मज्जातंतूंवर गाठी येतात. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात; थोड्या पुढे होऊ शकतात.

आई-वडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, शक्यता ५० टक्के. मात्र जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या घराण्यात तो आधी कुणालाच नसतो. तेव्हा सुनेच्या माहेराला बोल लावू नये.

बाळाच्या अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग दिसले तर जन्मखूण म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. दृष्टीच्या नसेवर गाठ येऊ शकते, आणि कमी दिसते हे लहान मूल सांगत नाही. म्हणून अशा मुलांचे डोळे दर वर्षी तपासून घ्यावेत.

लग्न ठरवताना आम्ही पत्रिका देतो, गोत्र सांगतो. आता हेही सांगतो. एक स्थळ परत गेले. दुसऱ्यांनी सगळे ऐकून होकार दिला.