दम्याचा पंप: आपल्याला कोणता जमतो?

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आमच्या गटात तीन घरी दमा आहे. एका घरी सासूला, एका घरी सहा वर्षांच्या लेकीला, आणि तिसरीला स्वतःलाच. तिन्ही घरी औषध आहे. तरीही कापूस वेचणीच्या दिवसांत एका रात्री आमची फार धावपळ झाली. ती गोष्ट आज सांगतो, कारण त्यात चूक औषधाची नव्हती.

वेचलेला कापूस घरातच भरून ठेवला होता. संध्याकाळी चुलीत पऱ्हाट्या जाळल्या होत्या, धूर घरात कोंडला होता आणि बाहेर थंडी. रात्री दोनच्या सुमारास आमच्या मैत्रिणीला दम लागला. तिच्याकडे पावडरच्या कॅप्सूलचं यंत्र होतं. तिनं कॅप्सूल घातली, पण छाती इतकी आवळलेली की जोरानं ओढताच येईना. पावडर तशीच राहिली. शेजारच्या घरी वाफेची मशीन होती, तर लाइन गेलेली. शेवटी त्या लहान लेकीचा पंप आणि त्याचा स्पेसर आणला. नाव वाचून पाहिलं, औषध तेच होतं, सालब्युटामॉल. ते घेतल्यावर तिला दोन शब्द बोलता आले. मग गाडी करून दवाखाना गाठला.

औषध एकच, मग एका यंत्रातून पोचलं आणि दुसऱ्यातून का नाही? हे आम्ही नंतर नर्सताईंकडून नीट समजून घेतलं.

आधी एक भीती काढून टाकू. "पंप लागला की सुटत नाही, त्यापेक्षा गोळी बरी," असं आपल्याकडे सगळ्याच म्हणतात. पण हिशोब बघा. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत त्याच्या चाळीस पट. गोळी पोटातून, रक्तातून सगळ्या अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट श्वासाच्या नळ्यांत जातो आणि काही मिनिटांत आराम देतो.

आता यंत्रं बघू.

पहिला, फवाऱ्याचा पंप. हलवायचा, झाकण काढायचं, श्वास बाहेर सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे. श्वास हळूहळू आत घ्यायला लागलं की त्याच वेळी दाबायचं, आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा. दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमावं लागतं. आमच्या सासूबाईंना ते जमत नव्हतं. अर्धं औषध जिभेवर आणि घशातच बसायचं.

त्यावर उपाय म्हणजे स्पेसर, पंपाला लावायचा प्लास्टिकचा पोकळ डबा. फवारा त्यात थांबतो आणि आपण सावकाश श्वास घेतो. एका वेळी एकच फवारा, मग पाच-सहा साधे श्वास. अगदी लहान लेकराला त्याला मास्क लावून देता येतं. दम्याच्या साध्या झटक्यात डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत असं औषध घेतलं, तर ते वाफेच्या मशीनइतकंच काम करतं. आणि त्याला लाइन लागत नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळू द्यावा. फडक्यानं पुसला तर औषध आतल्या भिंतींना चिकटतं.

तिसरं, पावडरचं यंत्र. इथं उलट आहे. श्वास हळू नाही, जोरानं आणि झटकन ओढायचा. यंत्रात फुंकर मारायची नाही, पावडर ओली होते. ओढून झाल्यावर कॅप्सूल उघडून बघायची, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायची. पावसाळ्यात कॅप्सूल कोरड्या डब्यात ठेवायच्या. आणि हसू नका, आमच्यातल्या एकीनं त्या कॅप्सूल आठवडाभर पाण्यासोबत गिळल्या होत्या! रोजच्याला हे यंत्र सोपं आहे. पण लहान लेकराला आणि मोठ्या झटक्यात तेवढी ओढ लागत नाही. त्या रात्री हेच झालं.

चौथी वाफेची मशीन. आजारी माणसाला काहीच करावं लागत नाही, नुसता श्वास घ्यायचा. पण वीज पाहिजे, वेळ जास्त लागतो, आणि नळी-मास्क स्वच्छ ठेवले नाहीत तर जंतू छातीत जातात.

स्पेसर मिळाला नाही तर काय? केप टाउनच्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीचा स्पेसर केला. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक, फट बंद केलेली, आणि मुलानं बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी छापलं की दम लागलेल्या मुलांना तो विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी पडला. अडीनडीला हे लक्षात ठेवा, पण पहिल्यांदा नर्सताईंना दाखवूनच वापरा.

पंपात बहुधा २०० फवारे असतात. हलवून वाजला म्हणजे औषध आहे असं समजू नका, औषध संपलं तरी वायू उरतो. पंप सुरू केल्याची तारीख त्यावर लिहा आणि फवारे मोजा.

आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त हा आरामाचा पंप लागत असेल, तर दमा ताब्यात नाही असं समजा. रोज घ्यायचं, सूज कमी करणारं औषध वेगळं असतं. त्यासाठी डॉक्टरांकडे जा. आणि बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळे पडत असतील, लेकराच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, किंवा औषध घेऊनही आराम नसेल, तर वाट बघू नका. १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप चालू ठेवा.

आता आमच्या गटाचा नेम ठरला आहे. महिन्याच्या बैठकीत पासबुकांसोबत ज्यांच्या घरी दमा आहे त्या आपापलं यंत्रही आणतात. आशाताईंसमोर घेऊन दाखवतात आणि चुकलं तर दुसरी सांगते. त्या रात्रीची मैत्रीण आता पंप आणि स्पेसर उशाशी ठेवते. डॉक्टरांनी तिला किती फवारे, किती वेळानं, ते कागदावर लिहून दिलं आहे. तो कागद तिच्या नवऱ्यालाही वाचता येतो.

तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत हे करून बघा.