आग आणि सुभेदार

गोष्ट सुमारे 1900 वर्षांपूर्वीची आहे. आजच्या तुर्कस्तानात रोमच्या बादशहाचा एक सुभा होता. प्लिनी हा तिथला सुभेदार. तो दौऱ्यावर असताना निकोमीडिया शहराला आग लागली. वारा सुटलेला. शहरात ना बंब, ना बादली. लोक नुसते बघत उभे राहिले. पुष्कळ घरं जळाली.

प्लिनीनं बादशहा ट्राजनला पत्र लिहिलं. आग विझवायला 150 माणसांचं पथक नेमू का, असं विचारलं. बादशहा नको म्हणाला. माणसं एकत्र आली की त्यांचे गट होतात, ही त्याला भीती. साहित्य ठेवा, घरमालक विझवतील, असं त्यानं कळवलं.

सुभेदाराला गरज दिसली. पण हुकूम दूरच्या बादशहाचा!

आपल्यावर बादशहा नाही. मग गावात बादल्या किती, शिड्या किती, ते आजच मोजा. धावणारी माणसं आधीच ठरवा.