शकुंतलेने कमळाच्या पानावर काय लिहिले?

(गणेशोत्सवात, पत्रलेखन स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी केलेले भाषण)



यंदाचा विषय आहे, एखाद्या पात्राच्या वतीने लिहिलेले प्रेमपत्र. गणपतीसमोर प्रेमपत्र कशाला, असे दोन-तीन आजोबांनी विचारले. त्यांना आम्ही एवढेच म्हटले, की शाकुंतलात प्रियंवदा असले पत्र फुलांत लपवून, देवाचा प्रसाद म्हणून राजाच्या हाती द्यायचे ठरवते. आजोबा हसले. विषय कायम राहिला.

शाकुंतलाचा तो तिसरा अंक आपल्या कामाचा आहे. कालिदासाचे उज्जैन आपल्या इंदूरच्या शेजारी, तिथल्या कालिदास समारोहाला आपल्यातले पुष्कळ जण जातात. शकुंतला तळमळत पडली आहे. मैत्रिणी म्हणतात, पत्र लिही. तिला धास्ती, राजाने झिडकारले तर? शिवाय लिहायला साहित्य नाही. मग कमळाच्या कोवळ्या पानावर नखांनी अक्षरे कोरायची ठरते. आता त्या पत्रात काय आहे पाहा. राजाचा पराक्रम नाही, रूप नाही, चंद्र-चांदणे नाही. तुझ्या मनातले मला कळत नाही, माझे अंग मात्र रात्रंदिवस पोळते आहे, एवढाच मतलब.

कालिदासाला उपमा सुचली नाही असे कोणी म्हणणार नाही! पण ही मुलगी आश्रमात वाढलेली, राजाला नुकतीच भेटलेली. तिला जेवढे ठाऊक, तेवढेच त्याने तिला लिहू दिले. वेलींआड उभा राहून राजा सगळे ऐकतो आहे. त्याचे मन कालिदासाला माहीत, प्रेक्षकांना माहीत, फक्त तिला नाही. दुसऱ्याच्या वतीने लिहिताना खरी अडचण हीच येते. आपण पूर्ण नाटक वाचलेले असते आणि ते पत्रात डोकावते. तिसऱ्या अंकातल्या शकुंतलेने अंगठी हरवल्याचे लिहिले, की ते पत्र तिचे राहिले नाही, तुमचे झाले.

रुक्मिणीमातेला आम्ही पात्र म्हणणार नाही. पण भागवताच्या दशम स्कंधातले तिचे 7 श्लोकांचे पत्र जरूर वाचा. नाथांच्या रुक्मिणी स्वयंवरामुळे तो प्रसंग आपल्या घराघरांत आहेच. श्रीकृष्णाचे नुसते गुण ऐकलेले, आणि लग्न तोंडावर आलेले. ती लिहिते, लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची यात्रा असते, वधू नगराबाहेर गिरिजेच्या देवळात जाते. अर्ज-टिपणीत उमेदवारी केलेल्या आमच्यासारख्याला हे पत्र फार पटते. दिवस आहे, ठिकाण आहे, मागणी स्पष्ट आहे, आणि ती मान्य न झाल्यास काय करीन तेही आहे. शकुंतलेने असे लिहिले असते तर खोटे वाटले असते.

आता भाषेचे. ‘आमची मराठी शुद्ध नाही, पुण्याकडचे हसतील,’ म्हणून काही मुलांनी नाव मागे घेतले. हे आम्हाला लागले. चार-पाच पिढ्या इथे काढलेली आपली घरे. आपण एकमेकांना ‘काय करून राहिलास?’ असेच विचारतो. शकुंतलाही राजाची संस्कृत बोलत नाही, प्राकृत बोलते. जुन्या नाटकांचा रिवाज असा, की स्त्रियांचे बोलणे शौरसेनीत आणि पद्य महाराष्ट्री प्राकृतात. म्हणजे कमळाच्या पानावरचे ते पत्र आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेतले! राजाने तिला संस्कृतात लिहून आण असे सांगितले नाही. पत्र ऐकताच तो वेलींमागून पुढे आला आणि तिथल्या तिथे पद्यातच उत्तर दिले.

तेव्हा इंदुरी वळणाला गुण कापायचे नाहीत, असे परीक्षकांशी ठरले आहे. मात्र पात्र पुण्यातल्या वाड्यातले असेल, तर त्याच्या तोंडी ‘करून राहिलो’ नको. ज्यांनी नावे मागे घेतली, त्यांनी आज रात्रीपर्यंत पुन्हा द्यावीत, वही उघडीच आहे.

पत्र एक पान, हाताने, देवनागरीत. मोबाइलवर रोमन अक्षरांत लिहिलेले चालणार नाही. आणि ते स्वतः पेटीत टाका, मित्राजवळ देऊ नका. उर्वशीचे भूर्जपत्रावरचे पत्र पुरूरव्याने विदूषकाजवळ सांभाळायला दिले होते. ते त्याच्या हातून निसटले आणि थेट राणीच्या हाती पडले.