सहा कोटींचे विमान अकरा कोटींना

आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाची गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला दोन भाव पाठ असतात. एक जाहीर झालेला, दुसरा ओलावा मोजून, कपात होऊन हातात पडणारा. लढाऊ विमानांच्या बाजारातही दोन भाव आहेत. फरक इतकाच की तिथे दुसरा भाव वाढत जातो. आणि चिनी विमानांच्या बाबतीत पहिला भाव कुणी जाहीरच करत नाही.

अमेरिकेने मोठी शस्त्रविक्री करायची म्हटली की सरकारला काँग्रेसला कळवावे लागते, आकडा आपोआप छापून येतो. चीनमध्ये असली भानगड नाही. म्हणून चेंगदूत तयार होणाऱ्या विमानाची किंमत शोधणारा माणूस चेंगदूकडे बघतच नाही. तो गिऱ्हाइकाचे अंदाजपत्रक उघडतो.

2025 मध्ये ढाक्याच्या वृत्तपत्रांनी असाच एक प्रस्ताव छापला. बांगलादेशला चेंगदूतली वीस जे-10सीई लढाऊ विमाने घ्यायची आहेत. एकाची मूळ किंमत 6 कोटी डॉलर, म्हणजे विसांचे 120 कोटी. हिशेब इथेच थांबवला तर विमान स्वस्त वाटते, आणि पुष्कळजण इथेच थांबतात. पण त्याखाली प्रशिक्षण, उपकरणे आणि वाहतुकीचे 82 कोटी आहेत. मग विमा, कर, दलाली, बांधकाम. बेरीज जाते 220 कोटी डॉलरवर. सहा कोटींचे विमान अकरा कोटींना पडले! शिवाय पैसे दहा आर्थिक वर्षांत फेडायचे आहेत.

त्यातला बांधकामाचा खर्च आदिलाबादकरांना लवकर समजावा. इथली निजामकाळातली धावपट्टी वर्षानुवर्षे पडून होती, जागा हवाई दलाची. 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने इथे हवाई दलासोबत नागरी विमानतळालाही हिरवा कंदील दाखवला आणि लगेच चर्चा सुरू झाली ती आणखी जमिनीची. लढाऊ विमानाला तर धावपट्टीशिवाय हँगर लागते, दारूगोळ्याचे कोठार लागते, दुरुस्तीची शेड लागते. विमान विकणारा हे सोबत देत नाही.

आता नायजेरिया. पाकिस्तान आणि चीन मिळून जेएफ-17 बनवतात, इंजिन मात्र रशियाचे. स्वस्त विमान म्हणून त्याचा गवगवा. दीड ते अडीच कोटी डॉलरचे अंदाज वर्षानुवर्षे सांगितले गेले. नायजेरियाने 2018 मध्ये तीन विमाने आणि त्यांच्या साहाय्यसेवेसाठी 18 कोटी 43 लाख डॉलर मंजूर केले. एकाचे सहा कोटींच्या वर! यात लबाडी असेलच असे नाही. वैमानिकांचे शिक्षण, चाचणीची यंत्रे, सुट्या भागांचा पहिला साठा हा खर्च तीन विमानांनाही करावा लागतो आणि तिसांनाही. तीनच विमाने घेणाऱ्याच्या डोक्यावर तो जास्त बसतो.

आपल्याकडचा ताळा नाशिकजवळच्या ओझरला मिळतो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या या कारखान्यात मिग-21 पासून सुखोई-30 पर्यंत विमाने झाली. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथून तेजस मार्क-1ए उडाले. त्याच्या आदल्या महिन्यात सरकारने अशा 97 विमानांचा करार केला: करांखेरीज 62,370 कोटी रुपये, म्हणजे सरासरी 643 कोटींना एक. डॉलरमध्ये सव्वासात कोटींच्या आसपास. हा आकडा जे-10 च्या सहा कोटींशेजारी ठेवून ‘चिनी माल स्वस्त’ म्हणणे हा आळशीपणा आहे, कारण तेजसच्या करारात संलग्न साहित्यही धरलेले आहे आणि 97 पैकी 29 विमाने दोन आसनी आहेत. तुलना करायचीच तर ढाक्याच्या अकरा कोटींशी करावी, तीही जपून. तिथे कर धरलेले आहेत, इथे नाहीत.

पाकिस्तानने 2022 च्या मार्चमध्ये जे-10सी हवाई दलात घेतले, पण त्या व्यवहारावरून बाजारभाव काढणे धोक्याचे. मित्रदेशाला दिलेला दर, कर्जाच्या अटी आणि जुना लष्करी सहवास यांची किंमत पावतीवर लिहीत नाहीत.

त्यानंतर आले इंडोनेशिया. बेचाळीस जे-10 घेण्याचा मनसुबा 2025 मध्ये जाहीर झाला आणि अर्थमंत्र्यांनी 900 कोटी डॉलरहून अधिक रकमेचा उल्लेख केला. भागाकार केला तर एकाचे एकवीस कोटींच्या वर जातात. ढाक्यात सहा, तिथेच अकरा, जकार्तात एकवीस, आणि विमान तेच. बातमी वाचणाऱ्याने अशा वेळी भागाकाराआधी यादी मागावी: क्षेपणास्त्रे किती, सिम्युलेटर किती, सुटे भाग किती वर्षांचे, आणि इंजिनाची मोठी दुरुस्ती कोणाच्या कारखान्यात.