पाच हजारांचा उजेड

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘बिद्री ते सॉफ्टवेअर : माझी वाटचाल’. त्या वाटचालीत एसटी, हॉस्टेल, नोकरी आणि पुण्याची ट्रॅफिक यापलीकडे फारसं काही नाही, आणि ते तुमच्यापैकी निम्म्यांच्या वाटचालीत आहेच. म्हणून मी विषय बदलून मागितला. आपल्या बॅचच्या ग्रुपवर गेले तीन आठवडे एकच भांडण चाललंय. आपण शाळेला दिलेल्या कॅमेऱ्यासाठी बाहेरून लावायचा फ्लॅश घ्यायचा, तर तो कंपनीचा ‘ओरिजिनल’ घ्यायचा की स्वस्तातला चायनीज? पैसे जमलेत, निर्णय आज दुपारी व्हायचाय. फोटोग्राफीचा नाद मला वीस वर्षांचा आहे, आणि घरात दोन्ही प्रकारचे फ्लॅश आहेत. तेव्हा त्यावरच बोलते.

आधी, फ्लॅश हवाच कशाला? मोबाइलचे फोटो चांगले येतात की, असं ग्रुपवर दोघा-तिघांनी विचारलं. दिवसा उजेडी येतात. पण आपल्या शाळेचं गॅदरिंग डिसेंबर-जानेवारीत, कारखान्याचा गळीत हंगाम ऐन भरात असताना, संध्याकाळी सहानंतर सुरू होतं. रंगमंचावर दोन हॅलोजन असतात आणि खाली मांडवात अंधार. बक्षीस घेणारी मुलगी रंगमंचाच्या कडेला उभी असते, तिथं हॅलोजन पोचत नाही.

आपल्या वर्गातला एक मित्र गेल्या वर्षी गेला. नाव घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या बायकोनं मला एक फोटो पाठवला. चार वर्षांपूर्वी शाळेतच, मांडवात काढलेला. त्यात तो हसतोय एवढं कळतं, चेहरा मात्र काळा. “तुम्ही कॉम्प्युटरवाल्या आहात, जरा उजळून द्या, भिंतीवर लावायचाय,” असं तिनं लिहिलं होतं. मी दोन रात्री बसले. सेन्सरवर प्रकाश पडलाच नसेल तर सॉफ्टवेअर तो आणणार कुठून? उजळलं की नुसते ठिपके वर येतात. शेवटी त्याच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. आपल्याकडे माणूस गेला की त्याचा चेहरा कुठल्यातरी लग्नातल्या नाहीतर समारंभातल्या ग्रुप फोटोतून कापून काढतात, हे तुम्हीही पाहिलंय. तेव्हा फ्लॅशला चैन म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं.

आता कॅमेऱ्यावर आधीच एक फ्लॅश असतो, तो का चालत नाही? एक तर तो दुबळा असतो. फ्लॅशची ताकद ‘गाइड नंबर’नं मोजतात. हा आकडा म्हणजे अंतर गुणिले लेन्सचा एफ नंबर, आणि तो आयएसओ १०० ला धरतात. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा गाइड नंबर साधारण ७ ते १२ असतो. एफ/४ ठेवलं तर २ ते ३ मीटरवर त्याचा जीव संपतो. आणि अंतर दुप्पट झालं की प्रकाश निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. विज्ञानाच्या तासाला हा व्यस्त वर्गाचा नियम आपण पाठ केला होता. तो दिसतो कसा, तर पहिल्या रांगेतली पोरं पिठात लोळल्यासारखी पांढरी आणि चौथ्या रांगेतल्या बाई गायब!

दुसरा दोष म्हणजे तो लेन्सच्या डोक्यावर बसलेला असतो. उजेड समोरून थेट आपटतो. नाक, गाल, कपाळ एका पातळीत येतात आणि भिंतीवर मागं काळी सावली पडते. म्हणून बाहेरचा फ्लॅश घेताना मी पहिल्यांदा एवढंच बघते, की त्याचं डोकं वर आणि बाजूला दोन्हीकडे वळतं का. डोकं छताकडे केलं की सगळं छत दिवा बनतं आणि उजेड वरून मऊ उतरतो. वळत नसेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

पण छत कुणाचं, तेही बघायला लागतं! पुस्तकात लिहिलेलं असतं, पांढऱ्या छतावर उजेड टाका. आपल्या शाळेच्या वर्गांना चुना दिलेला स्लॅब आहे, तिथं हे उत्तम चालतं. सभागृहाला मात्र उंच पत्रा आहे, तिथं टाकलेला उजेड परत येत नाही. कौलारू घरात तो लाकडा-कौलांत विरतो, येतो तो लालसर होऊन येतो. आणि हिरव्या कापडाच्या मांडवात छताकडे फ्लॅश मारला की नवरा-नवरी दोघंही कावीळ झाल्यासारखी दिसतात. अशा ठिकाणी माझा उपाय म्हणजे थर्माकोलची पांढरी शीट. एका पोराला फ्लॅशशेजारी ती धरून उभं करायचं आणि फ्लॅशचं डोकं तिच्याकडे वळवायचं. फोटोग्राफीच्या दुकानात याच कामाच्या छत्र्या मिळतात. शीट स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

आता खरेदी. खोक्यावर मोठ्या अक्षरात गाइड नंबर ६० लिहिलेलं असतं. खोटं नसतं, पण तो आकडा फ्लॅशचं डोकं २०० मिलिमीटरवर झूम केलेलं असताना काढलेला असतो, म्हणजे उजेड अरुंद झोतात आवळलेला असताना. रांगेत वीस माणसं उभी असताना आपण ३५ मिलिमीटरच्या आसपास असतो, तिथं तोच फ्लॅश ३६ च्या घरात येतो. म्हणून दोन फ्लॅशची तुलना करताना दोन्हींचे आकडे एकाच झूमचे घ्या. कुणी १०५ चा आकडा छापतं, कुणी २०० चा.

मग टीटीएल की मॅन्युअल? भांडणाचं मूळ हेच आहे, कारण किमतीतला फरक इथूनच सुरू होतो. टीटीएल फ्लॅश आधी एक बारीक उजेड टाकतो, परत आलेला प्रकाश कॅमेरा लेन्समधून मोजतो आणि ताकद ठरवतो. मॅन्युअलला ताकद तुम्ही सांगायची : पूर्ण, निम्मी, चौथाई. टीटीएल सोयीचा खरा, पण त्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं. आपल्याकडची म्हातारी माणसं पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून रांगेत बसली की तो म्हणतो, भरपूर उजेड झाला, आणि हात आखडता घेतो. टोपी करडी आणि चेहरा काळा. उलट मागं काळोखं मैदान असेल तर तो जास्त मारतो. दुरुस्ती करता येते, पण ती करायला जे कळावं लागतं, तेवढं कळलं की मॅन्युअलही चालवता येतो.

शाळेला मॅन्युअलच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. रंगमंच दरवर्षी तोच, माईक तिथंच, फोटो काढणारी उभी राहते ती जागाही तीच. एकदा ताकद ठरवली की कागदावर लिहून फ्लॅशच्या पाठीवर चिकटवायची. नववीतल्या पोरींना हे अर्ध्या तासात येतं, काल दोघींना मी शिकवून बघितलंय. ज्या जिल्ह्यात बाबूराव पेंटरांनी कॅमेराच स्वतः घडवला, तिथल्या पोरींना चार बटणांचं काय! लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या आपल्या मित्रानं मात्र टीटीएलच घ्यावा. वरातीत अंतर क्षणाक्षणाला बदलतं, तिथं हिशोब करत बसला तर नवरदेव घोड्यावरून उतरून जेवायला बसेल.

घ्यायच्या आधी कॅमेऱ्याच्या डोक्यावरची ती पट्टी, हॉट शू म्हणतात तिला, नीट बघायची. तिच्या मधोमध एक मोठा धातूचा ठिपका असतो. साधे मॅन्युअल फ्लॅश त्या एका ठिपक्यावर चालतात. कॅननच्या २००डी मार्क टूसारख्या काही मॉडेलांना तो ठिपकाच नाही, आणि असा फ्लॅश त्यांच्यावर पेटत नाही. सोनीची पट्टी वेगळी, तिच्यासाठी त्याच फ्लॅशचं वेगळं मॉडेल मागावं लागतं. आपल्या कॅमेऱ्याला ठिपका आहे, मी काल रात्री बॅटरी मारून बघितला.

ग्रुपवर एकानं मोठ्या मनानं वडिलांच्या स्टुडिओतला रोल कॅमेऱ्याच्या काळातला फ्लॅश देऊ केलाय. भावनेचा मान ठेवून सांगते, तो कॅमेऱ्यावर चढवू नका. जुन्या काही फ्लॅशच्या ट्रिगरवर शंभर-दोनशेच्या वर व्होल्ट असतात. रोलच्या कॅमेऱ्यात धातूची पट्टी धातूला टेकायची, तिला काही होत नव्हतं. डिजिटल कॅमेऱ्यात तिथं नाजूक सर्किट असतं. फ्लॅश चालू करून, दिवा लागल्यावर, मधला ठिपका आणि बाजूची पट्टी यांत मल्टिमीटर धरा आणि आकडा कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून बघा. मर्यादा दिलेली नसेल तर लावायचाच नाही. आणि उघडून बघायचा मोह कुणालाही नको. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या घरात व्होल्ट बसलेले असतात, बंद केल्यावरसुद्धा.

तर माझा प्रस्ताव असा. गोडॉक्स टीटी६०० किंवा त्याच जातीचा, आत रेडिओ असलेला एक मॅन्युअल फ्लॅश. पाच-सहा हजारांच्या आसपास मिळतो, भाव खालीवर होतो. त्याचा वेगळा ट्रिगर घ्यायचा, म्हणजे फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून खांबाला बांधता येईल. आणि चार-चारच्या दोन जोड्या रिचार्ज होणाऱ्या निकेल मेटल हायड्राइडच्या पेन्सिल सेल, चांगल्या चार्जरसह. सेलवर कंजुषी नको. साध्या सेलवर फ्लॅश पुन्हा भरायला वेळ लावतो, आणि बक्षीस द्यायला तीन सेकंद पुरतात. मे महिन्याच्या सुट्टीत सेल बाहेर काढून ठेवायचे, नाहीतर जूनमध्ये आत हिरवा गंज भेटतो.

ओरिजिनल फ्लॅश वाईट नाही. माझ्याकडचा ओरिजिनल पंधरा वर्षांनीही चालतो, त्याचा बिजागर मजबूत आहे आणि विकला तर किंमत येते. पण तेवढ्या पैशांत शाळेचे असे दोन संच होतात, आणि एक पडून फुटला तर दुसरा असतो. मुलांच्या हातात वस्तू द्यायची तर ती पडणार, हे धरून चालावं. मुख्याध्यापकांना त्यातून एकच विनंती आहे, कपाटाची किल्ली पोरींना मिळू द्या.

शेवटचं, आजच्या फोटोबद्दल. साडेबाराला पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो आहे आणि ऊन डोक्यावर असेल. तेव्हा फ्लॅश कशाला, असं विचाराल. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणीत आणि फेट्याखाली काळं पडतं, ते भरायला फ्लॅश लागतो. त्या उन्हात आयएसओ १००, एफ/११ आणि सेकंदाचा दोनशेवा भाग ठेवावा लागेल. त्यापेक्षा वेग वाढवला तर साध्या फ्लॅशला कॅमेऱ्याचा पडदा पुरता उघडा सापडत नाही आणि फोटोत काळा पट्टा येतो. ३६ भागिले ११, म्हणजे सव्वातीन मीटरला माझा फ्लॅश उन्हाच्या बरोबरीचा. तुम्ही पाच मीटरवर असाल, तिथं तो उन्हाच्या निम्म्याहून थोडा कमी पडेल. सावली भरायला तेवढाच हवा.

सर आणि बाई पुढच्या खुर्च्यांवर बसतील, पण गॉगल काढून. फेटेवाल्यांनी फेटा कपाळावरून बोटभर वर घ्यायचा. आणि मागच्या पायरीवरच्या उंच मंडळींनी दहावीच्या फोटोत केलं तसं कुणाच्या डोक्यामागं दोन बोटं धरायची नाहीत, यावेळी ती स्पष्ट दिसतील.