आवाज आपला, भाडं कशाचं?



आज मी माझ्याच एका चुकीबद्दल बोलणार आहे. चूक माझी, पण पैसे गटाचे गेले, म्हणून सांगायला हवी.

फुलंब्री तालुक्यातलं आमचं गाव. जातं आता घरोघर पडून असतं, लग्नात हळद दळायला तेवढं बाहेर निघतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी खेडोपाडी फिरून बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हे आमच्या मासिक बैठकीत मी सांगितलं. तेव्हा बाया म्हणाल्या, मग आपल्या गावच्या आपण का नाही जमवायच्या? ओव्या येणाऱ्या बाया मोजल्या, तर सात निघाल्या. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या.

मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं. मध्ये कुत्रं भुंकायचं, कुणी खोकायचं, पंख्याची घरघर यायची. रेडिओला द्यायचं तर हे साफ करायला हवं. शहरातल्या एका दुकानदारानं सांगितलं, "ताई, मोठे स्टुडिओवाले हेच सॉफ्टवेअर वापरतात." पहिले तीन महिने सवलतीत, महिन्याला पाचशे रुपये. मी माझ्या मोबाईलवरून ऑटोपे लावला. बी.ए. झालेली बाई मी, कर्जाच्या अर्जातली ओळन् ओळ बायांना वाचून दाखवते, आणि सवलतीच्या आकड्याखालची बारीक अक्षरं मात्र वाचली नाहीत.

ते सॉफ्टवेअर उघडलं आणि घाबरलेच. पडदाभर बटणं. ढोल, पियानो, सिनेमाचं डबिंग, माणसाचा आवाज यंत्रासारखा करायची सोय. तीन महिन्यांत आम्ही वापरली पाच कामं : कापणं, जोडणं, आवाज कमीजास्त करणं, घरघर काढणं आणि तयार फाईल बाहेर काढणं. मिक्सरबरोबर तीन भांडी येतात आणि चटणीचं एकच रोज लागतं, तसं. फरक एवढाच की मिक्सरच्या बाकीच्या भांड्यांचं दर महिन्याला भाडं द्यावं लागत नाही.

इतकी बटणं कशाला, तेही समजून घेतलं. पूर्वी हे एकदाच विकत मिळायचं. घेतलेलं चांगलं चालतंय तर माणूस दुसरं कशाला घेईल? मग कंपनी दर वर्षी काहीतरी नवं घालून नवी आवृत्ती काढायची. पुढे बऱ्याच कंपन्यांनी विकणंच कमी केलं आणि महिन्याची वर्गणी लावली. आता वर्गणी वाजवी वाटावी म्हणून नवं घालत राहायचं. वेव्हज् नावाच्या इस्रायली कंपनीनं मार्च २०२३ मध्ये कायमचा परवाना विकणं बंद करून फक्त वर्गणी ठेवली. जगभरच्या संगीतवाल्यांनी एवढी ओरड केली की काही दिवसांतच कंपनीनं विक्री पुन्हा सुरू केली. म्हणजे गिऱ्हाईक बोललं तर ऐकावं लागतं. मुंबईत सिनेमाची गाणी करणाऱ्याला, किंवा आपल्याच गावातल्या डीजेवाल्या पोराला ती बटणं लागतही असतील. आपल्याला लागत नव्हती.

चौथ्या महिन्यात पंधराशे आणि वर १८ टक्के जीएसटी, असे १,७७० रुपये कापले गेले. आमच्या गटात बारा जणी, बचत महिन्याला शंभर रुपये. म्हणजे सगळ्या गटाच्या महिन्याच्या बचतीपेक्षाही जास्त. पैसे कापायच्या आदल्या दिवशी मोबाईलवर निरोप आला होता. इंग्रजीत. मी जाहिरात समजून पुसला.

वर्गणी बंद केली, आणि खरा घोर तेव्हा लागला. साफ केलेल्या ओव्या त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाईलमध्ये होत्या, दुसऱ्या कशातच उघडेनात. मोबाईल भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंग मी पुसलं होतं. ज्या आजींच्या सर्वांत जास्त ओव्या होत्या, त्यांचा आवाज हिवाळ्यातल्या आजारपणात बसला, तो पुन्हा गाण्याजोगा झाला नाही. त्यांना सांगायला गेले, तर म्हणाल्या, "आवाज माझा, अन् ऐकायचं भाडं त्याला देतीस व्हय गं पोरी?" काय उत्तर देणार?

आणखी एक महिना पैसे भरले, या वेळी माझे. दोन रात्री बसून सगळ्या ओव्या डब्ल्यूएव्ही फाईलमध्ये काढल्या. ही साधी फाईल कुठल्याही कॉम्प्युटरवर वाजते. एका माणसाचा आवाज असेल तर मिनिटाला साधारण पाच एमबी जागा लागते, म्हणजे तासाभराला तीनशे. साध्या पेनड्राईव्हवर गावभराच्या ओव्या मावतात. आता दोन पेनड्राईव्ह आहेत, एक माझ्याकडे, एक ग्रामसंघाच्या कपाटात.

आम्ही आता ऑडॅसिटी वापरतो. ते २००० सालापासून फुकट मिळतं. त्याची आतली रचना सगळ्यांना खुली आहे आणि जगभरचे लोक त्यात भर घालतात. घरघर काढायची युक्ती सांगते. गाणं सुरू होण्याआधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं, रेकॉर्डिंग चालू ठेवायचं. नंतर तेवढा तुकडा निवडून सॉफ्टवेअरला दाखवायचा की ही घरघर, आणि मग पूर्ण गाण्यातून ती कमी करायची. फार करू नका, नाहीतर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. आमच्या दोन ओव्या तशा झाल्यात. ज्यांना जास्त सोयी हव्यात त्यांच्यासाठी रीपर आहे. ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, आणि लहान कामाला परवाना ६० डॉलरचा, तोही एकदाच भरायचा.

आता गटासाठी असं काही घ्यायचं असेल, तर तीन प्रश्न बैठकीत मोठ्यानं विचारतो आणि उत्तरं रजिस्टरात लिहितो. सवलत संपल्यावर किती? मध्येच सोडलं तर दंड आहे का? पैसे बंद केले तर आपलं काम आपल्याला उघडता येईल का? तुमच्या मोबाईलवर ऑटोपे चालू असेल, तर ज्या ॲपमधून लावला त्यातच तो बंदही करता येतो. जमत नसेल तर बैठकीला मोबाईल घेऊन या, मिळून बघू.

त्या आजींच्या ओव्या पुढच्या आठवड्यात याच वेळेला लावणार आहोत. पहिल्या ओवीत मागे कोंबडा आरवतो. तो काढायचा राहिला नाही, आजींनीच काढू दिला नाही.