दुसरी प्रत कोठे ठेवावी?



कार्यालयातील संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाली, की पहिली धावपळ होते ती नवी डिस्क आणण्याची. पनवेलसारख्या शहरात ती सहज मिळते. जाणकार ती बसवून देतो आणि संध्याकाळपर्यंत संगणक सुरू होतो. नसतात त्या फक्त नोंदी. पतसंस्थेच्या कर्जखात्यांचे उतारे किंवा शाळेचे दाखले कोणत्याही दुकानात विकत मिळत नाहीत.

डिस्कमधील तबकड्या मिनिटाला साधारणतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि नोंदी वाचणारे ‘हेड’ त्यांच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. ते घासले, की नोंदीच खरवडल्या जातात. नवी डिस्कही याच जातीची असल्यामुळे तिच्या दुसऱ्या प्रतीची, म्हणजे बॅकअपची, व्यवस्था ती बसविली त्याच दिवशी व्हावयास हवी.

त्याच डिस्कच्या ‘डी’ विभागात प्रत ठेवून निश्चिंत राहणारे पुष्कळ आहेत. डिस्क गेली, की दोन्ही विभाग एकदमच जातात! रोजचे काम संपताच बाहेरच्या वेगळ्या डिस्कवर प्रत घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. जोडलेली राहिली, तर खंडणीखोर विषाणू तिच्यातील नोंदीही कुलूपबंद करतो.

पण ती त्याच कपाटात ठेवणेही पुरेसे नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत गाढी नदीचे पाणी पनवेलमध्ये शिरले. पाणी शिरले, की संगणक व शेजारचे कपाट एकत्रच भिजतात. आगीचेही तसेच. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत असंख्य नस्त्या भस्मसात झाल्या. त्या पुन्हा उभ्या करताना अन्य कार्यालयांतील प्रतींचाच आधार घ्यावा लागला.

म्हणून एक प्रत दूर असावी. जुलै २०२० मध्ये पनवेलजवळ योट्टा कंपनीचे प्रचंड माहिती केंद्र सुरू झाले. इतरांची माहिती सांभाळण्यासाठी येथे एवढी इमारत उभी राहावी आणि पनवेलच्याच एखाद्या संस्थेचा हिशेब मात्र एकाच डिस्कवर असावा, हे विचित्रच. दूरची प्रत इंटरनेटवरून ठेवता येते; ते न जमल्यास आठवड्याची डिस्क अन्य गावच्या शाखेत पाठवावी.

घेतलेली प्रत उघडते का, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. जानेवारी २०१७ मध्ये ‘गिटलॅब’ या नामांकित संगणक कंपनीत चुकून माहिती पुसली गेली, तेव्हा बॅकअपच्या नियमित पद्धती कुचकामी ठरल्या. सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत तेवढी कामी आली. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर एखादे खाते परत उतरवून आकडे ताडून पाहावेत. हे काम नेहमीचा लिपिक रजेवर असताना करावे, आणि परवलीचा शब्द बंद पाकिटात सचिवांकडे ठेवलेला असावा.